देऊ नये

सांगलीत, गणपती पेठेमागच्या वाचनालयाच्या माडीवर
एक लोखंडी कपाट आहे.
त्यातल्या प्रत्येक पुस्तकावर जांभळ्या शाईचा शिक्का :
देऊ नये.
मगदूम सर द्यायचे.
रजिस्टरात माझ्या नावापुढे ‘पाककृती’ लिहायचे
आणि म्हणायचे, “अनंतमतीताई, जेवायच्या आधी नका वाचू.”

मी हळदीच्या पेढीवर हिशेब लिहिते.
सौद्यांच्या दिवसांत कितीही हात धुवा,
नखांच्या कडा पिवळ्याच.

पहिल्या पुस्तकाचा मला कंटाळा आला.
खरं तेच सांगते.
ज्या प्रकरणावरून म्हणे खटला चालला
ते शोधून काढलं, वाचलं, नि वाटलं, एवढंच?
लग्नाला एकोणीस वर्षं झालेल्या बाईला
त्यात नवं इतकंच होतं
की कुणीतरी ते लिहून ठेवलं होतं.

दुसऱ्यात एक जनावर सोलतात. साडेतीन पानं.
आमच्याकडे दिवेलागणीनंतर ताट वाढत नाहीत,
चातुर्मासात बटाटासुद्धा उंबऱ्याबाहेर.
मी पुस्तक पालथं घातलं, वर तांब्या ठेवला,
जसं काही ते उठून बसणार होतं.
पहाटे पुन्हा उघडलं.
सोलणाऱ्याला घरी जाऊन लेकीच्या वेण्या घालायच्या होत्या
आणि बोटांचा वास जात नव्हता.
मी माझी बोटं हुंगली.

तिसरं कळलंच नाही.
ज्यांनी बंदी घातली त्यांनाही कळलं नसावं.

मग ते आलं. बारीक, काळ्या पुठ्ठ्याचं,
कुणा हमालानं लिहिलेलं.
गाव निराळं, नदी निराळी,
पेढी मात्र आमचीच :
तोलताना काट्याला हळूच लागलेला अंगठा,
‘घट’ म्हणून पोत्यामागे कापलेला किलो,
आणि गादीशेजारी वही घेऊन बसलेली,
देवदर्शनाशिवाय पाण्याचा घोट न घेणारी बाई.
तिचं अक्षर, तो लिहितो, फार सुरेख होतं.

“खोटं आहे,” मी रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्यानं म्हणाले.

मी. जिनं कॉलेजात असताना
पुस्तकबंदीच्या निषेधपत्रकावर सही केली होती,
स्टेशन चौकात, सगळ्यांच्या आधी.
परत करायला गेले.
सर माठाकडे वळले तेवढ्यात
वार्षिक अहवालांच्या रांगेमागे ते सरकवून दिलं.
शिक्का नाही, मोर्चा नाही, होळी नाही.
पुठ्ठ्याला पुठ्ठा घासल्याचा आवाज, तोही बारीक.
इतकं सोपं असतं ते.

सतरा दिवस मला झोप चांगली लागली.

अठराव्या दिवशी पोती मोजता मोजता सिदू ऐवळे म्हणाला,
“ताई, ते काळं पुस्तक घावंना म्हणत्यात सर.
म्हैना झाला, माझा नंबर हुता.”
सिदू वाचतो हेच मला ठाऊक नव्हतं.
बारा वर्षं त्याच्या पाठीवरची पोती मी लिहितेय.
“सापडेल,” म्हटलं,
आणि घटीच्या रकान्यात पेन तसंच थांबलं.

संध्याकाळी अहवाल बाजूला केले.
सन एकोणनव्वद, नव्वद, त्यामागे ते,
कोपऱ्याला थोडी वाळवी.
एकेचाळिसाव्या पानावर,
जिथं ती बाई आकडा खोडून दुसरा लिहिते,
समासात एक पिवळा ठसा.
माझा नव्हे. माझ्या अंगठ्याहून रुंद,
जुना, कडेला विटलेला.
माझ्या आधी कुणीतरी इथं थांबलं होतं
आणि त्यानं पुस्तक जागच्या जागी ठेवलं होतं.

सरांनी काही विचारलं नाही.
सिदूच्या नावापुढे ‘पा’ लिहिला,
तेव्हा मी म्हटलं,
“सर, नाव लिहा त्याचं.
पुस्तकाचं.”

दुसऱ्या दिवशी पहिलं पोतं काट्यावर चढलं.
रात्रीत त्यानं कुठवर वाचलं, मी विचारलं नाही.
सिदूनं आकड्याकडे पाहिलं,
मग माझ्या पेनाकडे.